दामोदर कोसंबींचे शोधनिबंध आणि आपली भातशेती

(मावळ तालुक्यातील भात उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खरीप तोंडावर आला की बियाण्याची चर्चा सुरू होते. अमुक वाणाची शिफारस मोठ्या संशोधकाने केली आहे, त्यांचे इतके शोधनिबंध छापून आले आहेत, असे आपण ऐकतो. परंतु शोधनिबंध म्हणजे काय आणि त्यावर किती विसंबावे, हे आपणांस सहसा कोणी सांगत नाही. वाण फसला तर संशोधकाचा एक निबंध चुकतो, आपला मात्र अख्खा हंगाम जातो. म्हणून आज हा विषय एका संशोधकाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. शिक्षण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले व पुढे १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. घर पुण्यात, नोकरी मुंबईत. त्यामुळे डेक्कन क्वीनने आपल्या लोणावळ्यावरूनच त्यांची ये-जा असे. १९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निबंधांची यादी पाहिली तर ती एकाच माणसाची आहे यावर विश्वास बसत नाही. १९३० साली पहिला निबंध लंबवर्तुळाकार कक्षेवर. पुढे भूमिती व संख्याशास्त्र. १९४१-४२ च्या सुमारास प्राचीन चांदीच्या नाण्यांवर. १९४४ साली आनुवंशशास्त्रावर. १९४८ साली भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती. १९५५ साली आपल्या कार्ल्याच्या लेखांत येणाऱ्या धेनुकाकट या गावावर. १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ.

विषय निरनिराळे असले तरी रीत एकच होती: स्वतः जाऊन पाहायचे आणि जे मोजता येईल ते मोजायचे. नाणे हातोहात फिरते तसे झिजते व त्याचे वजन घटते. म्हणून त्यांनी जुनी नाणी एकेक करून तराजूत तोलली आणि घटीवरून कोणती नाणी अधिक काळ चलनात होती हे ठरविले. हा हिशेब बरोबर आहे का हे पडताळण्यासाठी त्यांनी चालू चलनातील नाणीही तोलून पाहिली.

आपल्या भागातही ते पायी हिंडले. कार्ल्याच्या लेखांत लेण्यांतील भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे आणि मामाल हे नाव येते. मामाल म्हणजेच आपले मावळ. धेनुकाकट हे कार्ल्याच्या परिसरातच असावे, असे कोसंबींचे मत होते. इतर विद्वानांनी वेगळी ठिकाणे सुचविली आहेत.

आता भाताकडे वळू. आपला इंद्रायणी वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर.-८ यांच्या संकरातून तयार केला व तो १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहोराला वास आहे, पण तो उंच वाढतो आणि लोळतो. आय. आर.-८ बुटका व जादा उत्पन्नाचा, पण त्याला वास नाही. संकरानंतर हवे ते गुण एकाच रोपात आणणे हे पैदासकाराचे काम.

यात एक अडचण असते. काही गुणांची जनुके एकाच गुणसूत्रावर, एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी असतात. चांगल्या गुणासोबत शेजारचा वाईट गुणही येतो. संकरित रोपात पुढच्या पिढीसाठी बीजपेशी तयार होताना आई-बापांकडून आलेले दोरे मध्ये तुटून एकमेकांना जोडले जातात, तेव्हाच ते वेगळे होतात. मणी जितके दूर, तितकी ही फारकत जास्त. म्हणून शंभर बीजपेशींपैकी कितींत फारकत झाली यावरून जनुकांमधील अंतर काढतात.

परंतु दोन मण्यांच्या मध्ये दोरा दोनदा तुटला, तर फारकत झालेली दिसतच नाही आणि मोजणी कमी भरते. ही तूट भरून काढण्याचे सूत्र इंग्लंडच्या हाल्डेन यांनी १९१९ साली दिले. मात्र एका ठिकाणी दोरा तुटला की त्याच्या जवळपास पुन्हा तुटण्याचा संभव कमी होतो, ही गोष्ट त्यात धरलेली नव्हती. ती धरून कोसंबींनी १९४४ साली नवे सूत्र मांडले. तो निबंध अवघा चार पानांचा आहे. शंभरात ५ फारकती असतील तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर ५.३ आणि कोसंबींच्या सूत्राने ५.० येते. ३० असतील तर हेच आकडे ४५.८ आणि ३४.७ असे येतात. पिकांच्या जनुकांचे नकाशे करताना आजही जगभर कोसंबींचे सूत्र वापरतात.

याचा उपयोग काय? जनुकाच्या अगदी जवळची खूण माहीत असेल तर कोवळ्या रोपाचे पान तपासूनच हवा तो गुण आला की नाही हे कळते. अशा खुणांच्या साहाय्याने कडा करप्याला प्रतिकार करणारी जनुके सांबा मसुरी या भातात आणली गेली आणि सुधारित सांबा मसुरी हा वाण २००८ साली प्रसारित झाला.

आता दुसरी बाजू. संख्यांविषयीचे रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. ती सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही. माणूस तोच, छापलेला निबंधही तसाच. एक टिकला, दुसरा टिकला नाही. निबंध छापला गेला म्हणून खरा ठरत नाही. इतरांनी तपासून आणि वापरून पाहिल्यावर तो खरा ठरतो.

म्हणून नव्या वाणाचा किंवा औषधाचा दावा ऐकाल तेव्हा किती निबंध आहेत हे विचारू नका. पुढील गोष्टी विचारा:

१) तुलनेसाठी कोणता वाण घेतला होता? इंद्रायणीशी तुलना नसेल तर आपल्याला उपयोग थोडा.

२) चाचणी किती हंगाम आणि कोठे घेतली? लोणावळ्याचा पाऊस आणि तळेगावचा पाऊस यांत फार तफावत आहे.

३) ज्याने दावा केला त्याच्याशिवाय आणखी कोणी पडताळला आहे काय?

चौथी गोष्ट आपण स्वतः करावयाची आहे. पहिल्या वर्षी नवे बियाणे सर्व क्षेत्रावर लावू नका. जुना व नवा वाण शेजारी-शेजारी, निदान तीन खाचरांत लावा. रोपांचे वय, लावणीची तारीख व खत सारखे ठेवा. कापणीच्या वेळी बांधाकडेच्या ओळी सोडून प्रत्येक तुकड्यात ५ मीटर लांब व २ मीटर रुंद चौकोन आखा. त्यातील भात वेगळा झोडून, सारखा वाळवून तोला. जितके किलो भरतील त्याला ४ ने गुणले की एकरी उत्पन्न साधारणपणे क्विंटलमध्ये मिळते. तिन्ही खाचरांत नवा वाण सरस ठरला तरच पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवा. एकाच खाचरात सरस ठरला तर आणखी एक हंगाम थांबा.

हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि आमच्याकडे घेऊन या. आमची शिफारस आपल्या वहीशी जुळत नसेल तर तेही स्पष्ट सांगा. ती पुन्हा तपासणे हे आमचे काम आहे.