लेकराची हजेरी



कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर लेकरांविषयी थोडं बोलतो.

दिंडीत नाव लिहून घेताना आम्ही हल्ली विचारतो, बरोबरच्या पोराची शाळा कोणती? काही माउली रागावतात. देवाच्या वाटेवर शाळा कशाला काढता, म्हणतात. पण आषाढीची वाटचाल येते ऐन जून-जुलैत. शाळा नुकती उघडलेली असते. जाऊन-येऊन महिना मोडतो, आणि पहिलीतलं पोर अक्षरं गिरवायच्या दिवसांतच वर्गाबाहेर राहतं.

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 6 ते 14 वर्षांच्या लेकराला फुकट शिकवायचं ते सरकारनं. शाळेत घालायचं कर्तव्य मात्र कलम 10 प्रमाणे आईबापाचं. या कायद्यात आईबापाला दंड सांगितलेला नाही, म्हणून काहीजण तो कायदाच धरत नाहीत! कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर न धाडणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड होता. त्या काळचा रुपया, बरं का.

वारीपेक्षा मोठी अडचण उसाची आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जोडपी निघतात, मागं सांभाळायला कोणी नाही म्हणून पोरं बरोबर जातात. थोरली लेक कोपीवर धाकट्याला घेऊन बसते. अशा आईबापाला नुसतं कलम वाचून दाखवणं आम्हाला पटत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकच असतात. तिथं हंगामी वसतिगृहाची मागणी लावून धरा. पोराची शाळा मध्येच सुटली असली, तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून परत पाठवता येत नाही.

आता आपल्या दिंडीचं. शाळेतल्या पोरांना पूर्ण वाटचाल नाही, असं यंदा ठरलं आहे. त्यांनी सुट्टी बघून एखाद्या मुक्कामाला आजी-आजोबांबरोबर यावं, रिंगण बघावं, परत जावं. घरी कोणीच नसेल त्यांच्यासाठी गावातल्या घरांनी जेवणाची नि निजण्याची पाळी घ्यायची आहे. आमच्या घरची पाळी पहिली लिहिली आहे. बाकीच्यांनी कीर्तन सुटल्यावर विणेकरीबाबांकडे नावं द्यावीत.