उंच इमारती आणि त्यांच्या शेजारची उद्याने



शहराच्या मध्यभागी कचेऱ्यांची चाळीस-पन्नास मजली इमारत उभी राहते, तेव्हा सर्वत्र तिच्या उंचीची चर्चा होते. तिच्या पायथ्याशी काय घडते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मजले वर चढतात. पण त्या मजल्यांवर काम करणारी हजारो माणसे सकाळी रस्त्यावरूनच आत शिरतात, दुपारी डबा खाण्यासाठी वा चार पावले चालण्यासाठी खाली उतरतात आणि सायंकाळी त्याच रस्त्याने घरी परततात. इमारतीमुळे जमिनीवरील माणसांची संख्या अनेक पटींनी वाढते; जमीन तेवढीच राहते. म्हणूनच उंच इमारतीलगतचे उद्यान ही केवळ शोभेची बाब मानता येत नाही. इमारतीला किती मजले द्यावयाचे आणि लोकांना किती मोकळी जागा मिळावयाची, हा एकच हिशेब आहे. हा हिशेब मोजता येतील अशा लेखी अटींनिशी आणि परवाना देण्यापूर्वीच मांडावा लागतो. न्यूयॉर्क शहराने हा धडा पाऊणशे वर्षांत, मोठी किंमत मोजून घेतला. तो आपल्या नगरपालिकांना आणि ग्रामपंचायतींनाही उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रारंभ सावलीपासून

१९१५ साली न्यूयॉर्कच्या दक्षिण भागात इक्विटेबल बिल्डिंग ही इमारत पूर्ण झाली. जेमतेम एक एकराच्या भूखंडावर ३८ मजले आणि सुमारे १२ लाख चौरस फूट चटई क्षेत्र असा तिचा पसारा होता. भिंती रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेलेल्या. आजूबाजूच्या इमारतींचा उजेड अडला आणि रस्ते दिवसभर सावलीत बुडाले. त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी, १९१६ साली, शहराने इमारतींच्या उंचीचे व आकाराचे नियम केले. इमारत जसजशी वर जाईल तसतशी ती रस्त्यापासून मागे सरली पाहिजे, असे या नियमांचे सूत्र होते. त्यामुळे उजेड व हवा यांची सोय झाली. माणसांना बसण्या-उठण्यासाठी जमिनीवर जागा मात्र त्या नियमांनी दिली नाही.

जागेच्या बदल्यात मजले

१९५८ साली पार्क ॲव्हेन्यू या हमरस्त्यावर सीग्रॅम बिल्डिंग उभी राहिली. मीस व्हॅन डर रोह या वास्तुशिल्पकाराने ही ३८ मजली इमारत रस्त्यापासून सुमारे ९० फूट मागे घेतली आणि पुढे फरसबंदीचे मोकळे प्रांगण ठेवले. हे प्रांगण लोकांच्या पसंतीस उतरले. अशी प्रांगणे सर्वत्र व्हावीत, या हेतूने १९६१ साली नवे नियम करण्यात आले. दाट वस्तीच्या व्यापारी भागात जो मालक १ चौरस फूट मोकळे प्रांगण ठेवील, त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत १० चौरस फूट जादा बांधकाम करता येईल, अशी ही योजना होती. शासनाला पैसा द्यावा लागत नव्हता, मालकाला भाड्याचे जादा मजले मिळत होते आणि लोकांना मोकळी जागा मिळणार होती.

योजना कागदावर निर्दोष होती. १९७२ सालापर्यंत अशी सुमारे २० एकर प्रांगणे तयार झाली. परंतु त्यांपैकी कित्येक प्रांगणे ओस पडली. कोठे बसण्यास जागाच नव्हती. कोठे प्रांगण रस्त्यापेक्षा इतके खोल होते की वाटसरूंच्या ते ध्यानातही येत नसे. कोठे तर कठड्यांवर माणसांनी बसू नये म्हणून लोखंडी टोके बसविलेली होती. मालकाने नियमाचे अक्षरशः पालन केले होते, कारण नियमाने जागा मोजली होती. त्या जागेवर माणूस बसू शकतो की नाही, हे मोजले नव्हते. जादा मजले मात्र कायमचे मिळून गेले होते.

माणसे कोठे बसतात?

या विसंगतीचा पद्धतशीर अभ्यास विल्यम एच. व्हाइट यांनी केला. ते मूळचे पत्रकार. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी तरुण सहकाऱ्यांना बरोबर घेऊन शहरातील प्रांगणांवर कॅमेरे लावले आणि माणसे कोठे थांबतात, कोठे बसतात, किती वेळ बसतात याची नोंद घेतली. प्रांगणाचा आकार, त्याचे क्षेत्रफळ, ऊन-सावली या सर्व गोष्टी त्यांनी पडताळून पाहिल्या. निष्कर्ष अगदी साधा निघाला : जेथे बसण्यास जागा असते तेथे माणसे बसतात. सीग्रॅमच्या प्रांगणात बाक नव्हते. पण पायऱ्या आणि कडेचे बुटके कठडे होते, म्हणून ते भरलेले असे. ज्या जागेत स्त्रिया मोठ्या संख्येने येतात ती जागा सुव्यवस्थित समजावी, हेही त्यांनी निरीक्षणांती नमूद केले. ५३ व्या रस्त्यावरील पेली पार्क हे १९६७ साली झालेले उद्यान केवळ ४२ फूट रुंद आणि १०० फूट लांब. परंतु तेथे झाडांची सावली, पाण्याची भिंत आणि हव्या तेथे उचलून नेता येतील अशा खुर्च्या होत्या. मोठमोठी प्रांगणे रिकामी असताना हे छोटे उद्यान माणसांनी गजबजलेले असे.

या अभ्यासाच्या आधारे १९७५ साली नियम बदलण्यात आले. प्रांगणाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक असलीच पाहिजे, अशी मोजता येणारी अट आली. झाडे आणि रस्त्याची पातळी यांविषयीही अटी आल्या. ही जागा सार्वजनिक आहे असे सांगणारा फलक लावणे आवश्यक ठरले. तथापि पूर्वी परवाने मिळालेल्या इमारतींना या अटी लागू झाल्या नाहीत. जेरॉल्ड केडन यांनी शहराच्या नियोजन विभागाच्या सहकार्याने केलेली पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत ३२० इमारतींच्या आवारांत अशा ५०३ जागांची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे ४१ टक्के जागा लोकांच्या फारशा उपयोगाच्या नाहीत, असे आढळून आले. परवान्याच्या वेळी जे लिहून घेतले नाही, ते पुढे मिळविणे किती अवघड असते, याचा हा पुरावा होय.

ब्रायंट पार्कचे पुनरुज्जीवन

खाजगी इमारतींच्या आवारांप्रमाणेच शहराच्या मालकीच्या उद्यानांचीही परीक्षा होत होती. मध्य मॅनहॅटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाच्या पाठीमागे ब्रायंट पार्क आहे. भोवती उंच कचेऱ्यांची रांग. रहदारीच्या कोलाहलापासून लोकांना निवांतपणा मिळावा, या उद्देशाने १९३४ साली त्याची नवी रचना झाली. उद्यान रस्त्यापेक्षा उंच करण्यात आले आणि त्याभोवती लोखंडी कुंपण व दाट झुडपे आली. हेतू चांगला होता. परंतु आत काय चालले आहे ते बाहेरून दिसेनासे झाले आणि प्रवेशाचे मार्गही मोजकेच राहिले. १९७० नंतर तेथे अमली पदार्थांची विक्री होऊ लागली आणि सामान्य माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्या उद्यानाकडे पाठ फिरविली. हजारो कर्मचारी चहूबाजूंना आणि मध्ये असलेले उद्यान ओसाड, अशी स्थिती झाली.

या उद्यानाविषयी व्हाइट यांचा सल्ला घेण्यात आला. पहारा वाढविण्यापेक्षा उद्यान रस्त्याला मोकळे करा, असे त्यांचे म्हणणे होते. १९८० साली पुनरुज्जीवनासाठी एक मंडळ स्थापन झाले. १९८८ साली उद्यान बंद करून काम सुरू झाले आणि १९९२ साली ते लोकांसाठी पुन्हा खुले झाले. झुडपांच्या भिंती काढल्या गेल्या, प्रवेशमार्ग रुंद झाले, बंद पडलेले स्वच्छतागृह दुरुस्त झाले आणि शेकडो सुट्या खुर्च्या मांडल्या गेल्या. हिरवळीच्या खाली ग्रंथालयासाठी पुस्तकांचे तळघर बांधण्यात आले. जमीन शहराच्याच मालकीची राहिली. देखभालीसाठी आसपासच्या मालमत्तांवर विशेष पट्टी बसविण्यात आली. ज्यांच्या इमारतींना उद्यानामुळे मोल येते, त्यांनीच त्याचा भार उचलावा, असा त्यामागील विचार होता. पुढे २००९ साली उद्यानालगत पूर्ण झालेल्या ५५ मजली इमारतीने पत्ता म्हणून उद्यानाचेच नाव घेतले, यावरून चांगल्या उद्यानाचे आर्थिक मूल्य ध्यानी यावे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. खर्च भागविण्यासाठी उद्यान भाड्याने द्यावे लागते. वस्त्रप्रावरणांच्या फॅशनची मोठी प्रदर्शने १९९३ पासून २०१० पर्यंत तेथे भरत आणि त्या काळात हिरवळ लोकांना बंद राही. देखभालीचा पैसा ज्याच्याकडून येतो, त्याचा शब्द उद्यानात चालू लागतो. म्हणून पैसा कोणाचाही असो, उद्यान किती दिवस आणि किती तास सर्वांना खुले राहील, हे लोकप्रतिनिधींनीच आधी ठरवून ठेवले पाहिजे.

मुंबईचा अनुभव

नियमातील थोड्याशा शब्दांनी किती फरक पडतो, हे मुंबईच्या गिरणगावानेही दाखवून दिले. १९८२ च्या संपानंतर अनेक कापड गिरण्या बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, गिरणीच्या जमिनीचा नव्याने विकास होताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी सांगितली होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली अभ्यासगटही नेमण्यात आला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. गिरण्यांच्या आवाराचा बहुतांश भाग शेडखाली व्यापलेला असल्याने वाटणीस येणारी जमीन फारच कमी झाली. या दुरुस्तीविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने दाद मागितली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने निर्णय दिला; सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून दुरुस्ती वैध ठरविली. आज लोअर परळमध्ये कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांच्या सावलीत दुपारी बाहेर पडणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि तेथील चाळींत वाढणाऱ्या मुलाला किती मैदान मिळाले, याचा निर्णय एका नियमाच्या मसुद्यात झालेला होता.

त्याच शहरात ओव्हल मैदानाचे उदाहरण दिलासा देणारे आहे. त्याच्या एका बाजूस उच्च न्यायालय व विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस त्यानंतरच्या काळातील इमारतींची रांग. पलीकडे नरिमन पॉइंटला कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. मैदान मात्र मोकळे राहिले. २०१८ साली हा परिसर जागतिक वारसास्थळ ठरला, त्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींइतकेच मधल्या रिकाम्या मैदानाचेही स्थान आहे.

कायद्याचे पाठबळ

उद्यानासाठी राखलेली जागा उद्यानासाठीच राहावी, या आग्रहाला न्यायालयांचा आधार आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी आरक्षित असलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द ठरविला. रुग्णालयही लोकोपयोगीच, पण म्हणून उद्यानाची जागा त्याला देता येत नाही, आणि परिसरातील रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. लखनौच्या झंडेवाला पार्कमध्ये जमिनीखाली बाजार बांधला जात होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

हा प्रश्न महानगरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी व्यापारी संकुले उभी राहत आहेत आणि मोठ्या गावांच्या वेशीवर शेतजमिनींचे भूखंड पडत आहेत. राज्यातील बहुतेक भागांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या क्षेत्राची मांडणी करताना १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. न्यूयॉर्कच्या अनुभवाने सांगितले ते एवढेच की, आकडा पुरा झाल्याने काम पुरे होत नाही.

म्हणून नकाशा समोर आला की, पंचायतीच्या सभासदांनी आणि अधिकाऱ्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. मोकळी जागा सार्वजनिक रस्त्याला लागून आहे, की नाल्याकाठचा उरलेला कोपरा त्या नावाने दाखविला आहे? तेथे सावली, बसण्यास ओटे, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची तरतूद आहे काय? म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या न चढता आत जाता येईल काय? देखभाल कोणी आणि कोणत्या पैशातून करावयाची? जागेचे क्षेत्र आणि खुले राहण्याची वेळ सांगणारा फलक लागणार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे परवान्याच्या अटींत उतरली पाहिजेत आणि जागेची नोंद सातबारावर वा मालमत्तापत्रकावर झाली पाहिजे. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून गावातील मोकळ्या जागांची मोजणी करवून घेतली आणि ती ग्रामसभेपुढे ठेवली, तर भूगोलाचा एक उत्तम पाठ होईल आणि पंचायतीच्या दप्तरालाही आधार मिळेल.

इमारत एकदा उभी राहिली की तिचा एक मजलाही परत घेता येत नाही. तिच्या पायथ्याशी सर्वांसाठी असणारी जागा मात्र फलक पडला, फाटकाला कुलूप लागले आणि विचारणारा कोणी उरला नाही, की हळूहळू नाहीशी होते. ती जपण्याची वेळ नकाशावर सही करण्यापूर्वीची असते.