दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइकाची भाषा

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू मजकूर होता. त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मराठीबरोबर उर्दू वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा निर्वाळा न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी दिला. दुकानांसाठीच्या २०२२ च्या दुरुस्तीनेही देवनागरी मराठी पाटी लहान दुकानांसह सर्वांना सक्तीची केली. अन्य भाषेस मज्जाव केला नाही. मराठीचा मान राखून गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलण्यास दुकानदार मोकळा आहे.

परंतु प्रश्न पाटीपुरता नाही. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू शेतकरी कृषी सेवा केंद्रातून कीटकनाशक नेतो. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे त्याला कोणी सांगितलेले असते काय? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरता येत नाही.

मोठ्या कंपनीजवळ जाहिरातीस पैसा असतो, लहान दुकानदाराजवळ नसतो. तेथे कार्यकर्त्याने उपयोगी पडावे. भाव, माप व धोक्याच्या सूचना मोठ्या अक्षरांत मराठीत आणि वस्तीनुसार उर्दूत वा हिंदीत लिहून द्याव्यात. कोरकूतील मजकूर देवनागरीत लिहून जाणत्या कोरकू माणसाकडून तपासून घ्यावा. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखविण्याची रीत पाडावी. येत्या खरिपापूर्वी प्रत्येक शाखेने निदान एका दुकानापासून आरंभ करावा.