जुनी विंडोज टाकण्याआधी



कॉम्प्युटरच्या दुकानात आजही एक वाक्य हमखास कानावर पडतं: "यात सेव्हनच टाकून द्या, टेन नको." विंडोज सेव्हन बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी. मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल थांबवली १४ जानेवारी २०२० रोजी. ज्या कंपन्या वेगळे पैसे मोजायला तयार होत्या त्यांना आणखी तीन वर्षं दुरुस्त्या मिळाल्या, मग तेही संपलं. तरीही तिला मागणी आहे, आणि मागणाऱ्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे पेजमेकर असतो. त्याची शेवटची, सात क्रमांकाची आवृत्ती २००१ मधली. तिला युनिकोड कळत नाही, पण वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टांत, त्याच फायलींमध्ये पडून आहे. एखाद्या पतसंस्थेत डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम चालू असतो आणि लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. एखाद्या वर्कशॉपात असं यंत्र असतं, की त्याचा ड्रायव्हर सेव्हनच्या पुढे कधी निघालाच नाही.

मग एक दिवस हार्डडिस्क जाते. सीडी ड्राइव्ह मशीनला नसतो, किंवा असून वाचत नाही. उरतो पेनड्राइव्ह. "बूटेबल कर आणि मार विंडोज," असं म्हणणं सोपं असतं. आज मी या बूटेबल, म्हणजे मशीन चालू करून देणाऱ्या, पेनड्राइव्हविषयीच बोलणार आहे. मात्र कुठं क्लिक करा, काय टाइप करा हे सांगणार नाही. रेडिओ ऐकत भाजी निवडणाऱ्या माणसाला आज्ञा लिहून घ्यायला लावणं बरं नव्हे. काम कुठं अडतं आणि का अडतं, ते सांगतो. माझा अनुभव असा, की अडण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. विंडोज एका सालातली, मशीन दुसऱ्या सालातलं, पेनड्राइव्ह तिसऱ्या. आणि बनवणाऱ्यानं या सालांचा हिशेबच केलेला नसतो.

सुरुवात पहिल्या गैरसमजापासून करू. विंडोजच्या डीव्हीडीवरच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या, की काम झालं असं वाटतं. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर एक ओळ येते आणि पुढे काहीही होत नाही. फायली सगळ्या जागेवर असतात, पण जुन्या मशीनला फाइल म्हणजे काय हेच मुळी ठाऊक नसतं. मदरबोर्डवरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्राम डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा उचलतो, फक्त ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ बाइट्स सूचनांसाठी, ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन ओळख पटवण्यासाठी. ते दोन बाइट्स म्हणजे ५५ आणि एए. वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यानं परवलीचा शब्द ऐकावा आणि आत सोडावं, तसं हे आहे. शब्द जुळला तर बायोस त्या ४४६ बाइट्सच्या हातात सगळा कारभार सोपवतो. आपण कॉपी-पेस्ट करतो तेव्हा या पहिल्या तुकड्याला हातही लागत नाही, कारण तो कुठल्याही फोल्डरमध्ये नसतो. ही रचना १९८३ सालच्या डॉसपासूनची आहे आणि विंडोज सेव्हनपर्यंत ती निमूटपणे टिकली.

सीडी-डीव्हीडीची पद्धत निराळी. तिचे नियम १९९५ मध्ये ठरले. त्यांना 'एल टोरिटो' म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलच्या नावावरून. सीडी ही फ्लॉपी असल्याची बतावणी करून मशीन सुरू करायची, अशी एक युक्ती त्यात होती. विंडोज सेव्हनची जी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलमधली प्रत, फिरते ती या डीव्हीडीच्या पद्धतीची. म्हणून ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ओतली तर बायोसला हवे ते ५१२ बाइट्स सापडत नाहीत. आजकालच्या बहुतेक लिनक्सच्या आयएसओ दोन्ही पद्धतींनी बांधलेल्या असतात, त्या ओतल्या की चालतात. लिनक्सवाल्या मित्राचा सल्ला सेव्हनला लागू पडत नाही तो यामुळे. तो खोटं बोलत नसतो.

खुद्द मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये आयएसओवरून पेनड्राइव्ह बनवायला एक छोटं साधन दिलं होतं. त्याची एक गंमत आहे. त्यात मुक्त परवान्याखालचा दुसऱ्याचा कोड आढळला. कंपनीनं ते मान्य केलं, साधन काही काळ मागे घेतलं आणि मग स्वतःचा सोर्स कोड खुला करून पुन्हा दिलं. आज बहुतेक कारागीर रूफस नावाचं मोफत साधन वापरतात, मीही तेच सुचवतो. पण इथेही साल बघा: रूफसची चौथी आवृत्ती विंडोज सेव्हनवर चालत नाही. पेनड्राइव्ह बनवायला हाताशी सेव्हनचंच मशीन असेल, तर ३.२२ ही शेवटची आवृत्ती घ्यावी लागते.

रूफस उघडलं की ते दोन प्रश्न विचारतं आणि निम्मी माणसं तिथे अंदाजपंचे उत्तर देतात. वाटणी एमबीआर की जीपीटी? मशीन बायोसचं की यूईएफआयचं? मघाशी सांगितलेली ५१२ बाइट्सची रीत ती एमबीआर आणि बायोस. जीपीटी ही वाटणीची नवी पद्धत, आणि यूईएफआय हा बायोसचा वारसदार. त्याला फायली वाचता येतात, मात्र फॅट नावाच्या जुन्या, साध्या मांडणीतल्या. तो पेनड्राइव्हवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. आणि विंडोज सेव्हनच्या डीव्हीडीवर ती फाइल त्या जागी ठेवलेलीच नाही! दुसऱ्या नावानं, आत कुठंतरी गुंडाळून ठेवलेली आहे. ती काढून योग्य जागी ठेवावी लागते. रूफस हे आपणहून करतं. हातानं बनवणारे इथे तासन्तास डोकं खाजवतात.

माझं मत विचाराल तर सेव्हनसाठी शक्य तिथे बायोसचीच वाट धरावी. सेव्हनची बत्तीस बिटांची आवृत्ती यूईएफआयवर सुरू होत नाही. चौसष्ट बिटांची होते, पण पडद्यावर चित्र काढायला ती बायोसच्या जुन्या सोयींवर विसंबते, आणि सोय बंद असेल तर लोगोवरच थिजते. सिक्युअर बूट हे कुलूप २०१२ च्या विंडोज एटबरोबर आलं. सेव्हनकडे त्याची किल्ली नाही, तेव्हा ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. आणि हार्डडिस्क आधीच जीपीटी पद्धतीनं वाटलेली असेल, तर बायोसच्या वाटेनं आलेलं सेव्हन "या डिस्कवर बसणार नाही" म्हणून सरळ नकार देतं. मग डिस्क पुन्हा वाटायची; म्हणजे तिच्यावरचं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्यायचं.

बत्तीस की चौसष्ट, हा प्रश्न गिऱ्हाइकाला आधीच विचारा. पतसंस्थेचा तो डॉसमधला प्रोग्राम चौसष्ट बिटांच्या कुठल्याही विंडोजवर थेट चालत नाही, कारण सोळा बिटांचं जुनं घर तिथे पाडून टाकलंय. बत्तीसमध्ये ते शाबूत आहे. तिथे मेमरी चार जीबीच्या वर वापरता येत नाही, पण फॉक्सप्रोला तेवढीसुद्धा कधी लागली नव्हती. खरं सांगायचं तर नुसता डॉस प्रोग्रामच चालवायचा असेल, तर नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभं केलेलं खोटं मशीन, बनवून आत जुनी विंडोज ठेवणं जास्त शहाणपणाचं. पॅरलल पोर्टात खोचायचं, परवाना तपासणारं जुनं डोंगल असलं, की मात्र तो मार्ग बहुधा बंद होतो.

आता या सगळ्यातला सर्वांत फसवा सापळा. पेनड्राइव्ह बरोबर बनला, मशीन त्यावरून सुरू झालं, निळसर पडदा आला, भाषा विचारली, "इन्स्टॉल नाऊ"चं बटण आलं. आणि मग निरोप येतो: सीडी-डीव्हीडी ड्राइव्हसाठी आवश्यक तो ड्रायव्हर सापडत नाही. मशीनला डीव्हीडी नाही, आपण ती वापरतही नाही! लोक आयएसओ पुन्हा उतरवतात, पेनड्राइव्ह बदलतात, दुकानदाराला शिव्या घालतात. कारण साधं आहे. सेव्हन तयार होत होती तेव्हा यूएसबी थ्री नुकतंच येऊ घातलं होतं, त्यामुळे तिच्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. सुरुवातीला मशीनचा बायोस पेनड्राइव्ह वाचून देतो म्हणून सगळं सुरळीत दिसतं. विंडोजनं सूत्रं हाती घेतली, की तिला ज्या पेनड्राइव्हवरून ती आली तोच दिसेनासा होतो.

मशीनला यूएसबी टूचं पोर्ट असेल, तर पेनड्राइव्ह तिथे लावला की प्रश्न मिटतो. आतली पट्टी पाहायची: निळी असेल तर बहुतेक थ्री, काळी किंवा पांढरी असेल तर टू. पण २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांच्याबरोबरच्या चिपसेटमधून इंटेलनं जुन्या यूएसबी टूचा स्वतंत्र नियंत्रकच काढून टाकला. तिथे पट्टी कुठल्याही रंगाची असो, पोर्ट आतून थ्रीच. अशा मशीनवर सेव्हनच्या इन्स्टॉलरमध्ये की-बोर्ड आणि माउसदेखील मरतात. माउस हलत नाही म्हटल्यावर बटण दाबणार कशानं? अशा वेळी जुना, गोल पिनचा पीएसटू की-बोर्ड उपयोगी पडतो, मशीनला ते भोक असेल तर. पण खरा इलाज म्हणजे पेनड्राइव्ह बनवतानाच यूएसबी थ्रीचा ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या पोटात घालणं. तो दोन ठिकाणी घालावा लागतो: बूट होणाऱ्या छोट्या विंडोजमध्ये आणि डिस्कवर बसणाऱ्या मोठ्या विंडोजमध्ये. पहिल्यातच घातला तर इन्स्टॉल होतं, आणि पहिल्या रीस्टार्टनंतर की-बोर्ड पुन्हा गप्प. बऱ्याच मदरबोर्ड कंपन्यांनी त्या काळात हे करून देणारी छोटी साधनं दिली होती. सातव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या मशीनवर सेव्हन टाकण्याचा हट्ट मात्र धरू नये. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये तिथले अपडेटही अडवले.

असं पोटात काही घालत गेलं, की आतली मुख्य फाइल फुगते. फॅट-३२ मांडणीत चार जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा असला तरी. मूळ सेव्हन आरामात मावते. सगळे अपडेट आणि ड्रायव्हर भरून वजनदार केलेली मावत नाही. एनटीएफएस ही दुसरी मांडणी केली की मावते, पण मग बरेचसे यूईएफआय ती वाचत नाहीत. बायोसची वाट धरा म्हटलं, त्याचं हे आणखी एक कारण.

मूळ आयएसओ आणायची कुठून? मायक्रोसॉफ्ट आता ती उतरवायला देत नाही. घरातली मूळ डीव्हीडी असेल तर तिचीच आयएसओ आजच बनवून ठेवा, चकती खराब व्हायची वाट पाहू नका. कुणाकडून घेतली तर तिचा हॅश तपासा. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला अक्षरांचा ठसा. एक बाइट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्येच सर्टयुटिल नावाची आज्ञा असते, ती तो काढून देते. मूळ प्रतीचे ठसे जाणकारांनी नोंदवून ठेवलेले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहायचं. "सगळं आत भरलंय, किल्लीसुद्धा लागत नाही" अशी जाहिरात असलेली प्रत हिशेबाच्या मशीनवर चुकूनही टाकू नका. किल्ली म्हणजे पंचवीस अक्षरं, बहुधा कॅबिनेटच्या बाजूला किंवा लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेली. पुसट व्हायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा.

बूट करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बटण वेगळं. ते दाबून फक्त तेवढ्यापुरता पेनड्राइव्ह निवडायचा. बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम कायमचा बदलला तर पहिल्या रीस्टार्टनंतर मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू होतं, पुन्हा भाषा विचारतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, हे तर गोल गोल फिरतंय." फार जुन्या मशीनला पेनड्राइव्ह हा प्रकारच कळत नाही. काहींच्या यादीत यूएसबी फ्लॉपी, यूएसबी झिप आणि यूएसबी हार्डडिस्क असे तीन पर्याय दिसतात. त्यातला हार्डडिस्कचा घ्यायचा.

विंडोज बसली, डेस्कटॉप आला. आता जरा थांबा. नेटची वायर लावू नका. आपल्याला वाटतं, नवीकोरी विंडोज टाकली. प्रत्यक्षात सर्व्हिस पॅक एकची, म्हणजे एकत्रित दुरुस्त्या घातलेली प्रतही २०११ सालात उभी असते, त्यानंतर सापडलेली सगळी भगदाडं उघडी ठेवून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तो अशाच एका भगदाडातून. त्याची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. आणि अपडेटचं बटण दाबून भागत नाही. मायक्रोसॉफ्टनं अपडेटवरच्या डिजिटल सह्यांची पद्धत बदलली, जुनी सही ओळखणारी सेव्हन नव्या अपडेटवर विश्वासच ठेवत नाही. तिला नवी सही शिकवणारे दोन अपडेट २०१९ मध्ये आले. त्यांचे क्रमांक हळू सांगतो, पेन असेल तर घ्या: केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. ते दुसऱ्या मशीनवर उतरवून हातानं बसवायचे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही सेव्हनमध्ये बरेचदा नसतो, म्हणजे नेट चालू करायला लागणारी फाइल नेटवरून आणता येत नाही. म्हणून मी दुसरा एक लहानसा पेनड्राइव्ह नेहमी बरोबर ठेवतो. त्यावर त्या मशीनचे ड्रायव्हर, हे दोन अपडेट, वॉनाक्रायची दुरुस्ती आणि क्रोमची १०९ ही आवृत्ती, सेव्हनवर चालणारी शेवटची. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करायचेच नाहीत. सगळं बसलं, पेजमेकर उघडला, प्रिंट निघाली, की त्याच दिवशी हार्डडिस्कची अख्खी प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. पुढच्या वेळी अर्ध्या तासात काम होईल.