नेल्सनचे कागद

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत आयुष्यभर मी लोकांचे कागद पाहिले. आज एका दर्यावर्दी माणसाच्या कागदांबद्दल बोलतो. ब्रिटिश आरमाराचा व्हाइस अॅडमिरल होरेशिओ नेल्सन.

१७९७ साली टेनेरिफच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. पुढचं सगळं लिखाण डाव्या हातानं. आधीची आणि नंतरची सही शेजारी ठेवली, तर आमच्या काउंटरवरून चेक परतच गेला असता!

त्याच्या सरकारी कागदांना मोठं वजन. १७९८ साली त्यानं नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमाराचा फडशा पाडला आणि एका अधिकाऱ्याला खुष्कीच्या वाटेनं थेट आपल्या मुंबईच्या गव्हर्नरकडे पत्र देऊन धाडलं. फ्रेंच इजिप्तमार्गे हिंदुस्थानात येतील ही धास्ती त्यामुळे कमी झाली. ईस्ट इंडिया कंपनीनं खूश होऊन त्याला १०,००० पौंड दिले.

खाजगी कागदांचं नशीब मात्र वेगळं. त्याचं प्रेम लेडी एमा हॅमिल्टनवर, आणि त्यांची मुलगी होरेशिया. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. एमाची पत्रं तो जाळून टाकी, तिलाही जाळायला सांगे. तिनं जपून ठेवली. (बायका कागद जपतात, हा माझा घरचाही अनुभव आहे.)

२१ ऑक्टोबर १८०५, ट्रफाल्गारची सकाळ. शत्रूची जहाजं समोर दिसत असताना नेल्सननं मृत्युपत्राची पुरवणी लिहिली. एमानं देशासाठी काय काय केलं ते मांडलं आणि तिचा व होरेशियाचा भार राजावर आणि देशावर सोपवला. साक्षीदार कॅप्टन हार्डी आणि कॅप्टन ब्लॅकवुड. मृत्युपत्र हाती आलं की आम्ही आधी शेवटचं पान बघायचो: सही, तारीख, दोन साक्षीदार. इथं सगळं चोख. त्याच दिवशी दुपारी तो गेला.

सरकारनं काय केलं? पाद्री असलेल्या भावाला अर्ल केलं आणि वर्षाला ५,००० पौंडांचं वर्षासन दिलं, तेही वंशपरंपरेनं. एमाला सरकारकडून छदामही नाही. मर्टनचं घर त्यानं स्वतःच्या मालकीतून दिलं होतं, ते तिला मिळालं. पण दुसऱ्याच्या तिजोरीतला पैसा मृत्युपत्रानं देता येत नाही, तिथं फक्त विनंती करता येते. ती कुणी मानली नाही.

एमाचा हातही सढळ होता, हे सांगितलं पाहिजे. १८१३ मध्ये कर्जापायी तिला अटक झाली. १८१४ मध्ये नेल्सनची तिला आलेली पत्रं छापून बाजारात आली आणि उरलीसुरली सहानुभूतीही गेली. जानेवारी १८१५ मध्ये फ्रान्समधल्या कॅले गावी ती वारली.

भावाच्या वारसांचं वर्षासन मात्र चालूच राहिलं. ते बंद करण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनं केला तो १९४७ साली.