नकाशावर आपली वस्ती

दोन वर्षांमागं ऐन पावसाळ्यात आमच्या वस्तीवरची एक सून अडली. रुग्णवाहिका गावापर्यंत आली, पण वस्ती सापडेना. फोनवरच्या नकाशात ओढ्यापलीकडं नुसती मोकळी जागा! शेवटी आम्ही तिला बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण ती रात्र आम्ही विसरलो नाही.

तेव्हा गटातल्या एका शिकणाऱ्या पोरीनं सांगितलं, की 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा कुणालाही भरता येतो. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी तो इंग्लंडमध्ये सुरू केला. मग आम्ही चौघी फोन घेऊन पायी फिरलो. अंगणवाडी, हातपंप, ओढ्यावरचा पूल, गाडीवाट, पाऊलवाट, सगळं नोंदवलं. हे आपल्या बचत गटाच्या वहीसारखंच आहे. कुणी, कधी, काय लिहिलं ते दिसतं आणि चुकलं तर सुधारता येतं.

एक अडचण राहिली. नाव मराठीत भरलं, तरी आमच्या फोनमधलं ॲप ते इंग्रजीतच दाखवायचं. आमच्या सासवांना ते कसं वाचता येणार? पण त्या ॲपचा कोड, म्हणजे ते ज्या लेखी सूचनांवर चालतं त्या, सगळ्यांसाठी खुल्या होत्या. पोरीनं त्यांची प्रत घेतली. 'मराठी नाव असेल तर तेच आधी दाखव' एवढ्यापुरत्या ओळी लिहिल्या आणि ॲप सांभाळणाऱ्यांकडं पाठवल्या. त्यांनी दोन चुका दाखवून परत धाडल्या. ती हिरमुसली. आम्ही म्हटलं, "अगं, पहिली भाकरी कुणाची गोल होते?" तिनं दुरुस्ती केली आणि ती स्वीकारली गेली. आता ते ॲप वापरणाऱ्या दुसऱ्या गावांनाही मराठी नावं दिसतात.

तुम्हीही करा, पण तीन गोष्टी सांभाळा. दुसऱ्या नकाशावरून उतरवू नका, स्वतः पाहिलेलंच भरा. कुणाच्या घरात कोण राहतं, ते टाकू नका. आणि ड्रायव्हरच्या फोनमध्ये दुसरा नकाशा असेल, तर आपली नोंद त्याला दिसणार नाही. म्हणून वस्तीची वाट सांगणारा एक माणूस फाट्यावर उभा करायचाच.

आमची वाट आम्ही लिहिली. तुमची तुम्ही लिहा.