उपवास आणि रोजी



ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहिलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचे पंडित तर नाहीच नाही. शाळा लवकर सुटलेल्या माणसाने फावल्या वेळात मराठी बायबल वाचले, एवढाच आमचा अधिकार. परंतु त्या ग्रंथात मजुरीविषयी जे सांगितले आहे, ते वाचून आम्ही थबकलो, आणि तेच आज आपणांपुढे ठेवायचे आहे.

हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळी लावतात. तेथून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस. येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांचे ते स्मरण. रोमन कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे म्हणून नेमून दिलेले आहेत. प्रॉटेस्टंटांपैकी काही पंथ हा काळ पाळतात, काही पाळीत नाहीत. आपल्याकडे एकादशी आहे, मुसलमान बांधवांचे रोजे आहेत, बौद्धांचा उपोसथ आहे; तेव्हा उपवास म्हणजे काय हे तुमसरकरांना समजावण्याची जरूर नाही.

या विषयाचा एक धागा तर आपल्या रेल्वेलाइनीवरूनच गेलेला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता गाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. बोलणे धर्मावर गेले आणि त्या गृहस्थाने टिळकांना बायबल दिले. नागपूर ते राजनांदगाव हा मार्ग तुमसर रोडवरून जातो. गाडी इकडून गेली तेव्हा ते पुस्तक टिळकांच्या हाती आले होते की नव्हते, याचा वाद आम्ही मित्रांनी पुष्कळदा घातला आहे. निकाल अद्याप लागलेला नाही! टिळकांनी वाचायला घेतले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची कथा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी घरांत पोचलेलीच आहे.

त्याच प्रवचनात उपवासाविषयीही सांगितले आहे. उपवास करणाऱ्याने चेहरा सुतकी करून चारचौघांत मिरवू नये, तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, असा त्याचा आशय. हाच उतारा राखेच्या बुधवारी कॅथलिक देवळांत वाचतात. तोंड धुवा असे ऐकायचे आणि लगेच कपाळी राख लावून घ्यायची, ही विसंगती उपदेशकांच्याही ध्यानात येते आणि तिच्यावर ते चांगले बोलतात. पण आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारी, वाचायचा उतारा. तो यशया संदेष्ट्याचा आहे, अठ्ठावनाव्या अध्यायातला. लोक देवाकडे गाऱ्हाणे नेतात : आम्ही उपवास करतो, तरी तुझे लक्ष कसे नाही? त्यावर संदेष्टा त्यांना बजावतो की, उपवासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपलाच स्वार्थ साधता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाची बंधने तोडणे आणि भुकेल्याला आपल्या ताटातले देणे.

आणि पुढच्या सोमवारी लेवीय हे पुस्तक उघडतात. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे : मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात हाच नियम आणखी कडक होऊन येतो. सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी. आणि कारणही दिले आहे : तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर १९६९ साली जो पाठक्रम ठरला, त्यात लेवीयचा हा उतारा उपवासकाळाच्या पहिल्याच सोमवारी येतो. दरवर्षी येतो, उपदेशकाच्या मर्जीवर तो सोडलेला नाही.

आता हा नियम एवढा घाईचा का? महिन्याचा पगार घेणाऱ्याला एका रात्रीचे महत्त्व कळत नाही. रोजंदारीवर पोते उचलणारा हमाल, हजाराच्या भावाने बिड्या वळणारी बाई, यांना ते कळते. आज काम केले आणि पैसे उद्या मिळाले, तर आजचे तांदूळ उधार येतात. उधार आले म्हणजे दुकानदार भाव लावील तो भाव. अशा चार उधाऱ्या साचल्या की आठवडी बाजाराच्या दिवशी हात रिकामा. मालकाच्या गल्ल्यात एक रात्र राहिलेला पैसा मालकाला फारसे काही मिळवून देत नाही; मजुराचे मात्र तो पुष्कळ घालवतो. हे हजारो वर्षांपूर्वीच्या मेंढपाळ समाजाला समजले होते! आपल्या देशात मजुरी अमुक दिवसांच्या आत दिलीच पाहिजे असे सांगणारा वेतन कायदा १९३६ साली आला, आणि त्यात लहान कारखान्यांनासुद्धा महिना संपल्यावर सात दिवसांची सवलत होती. बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९६६ साल उजाडले. वळून आणलेल्या बिड्यांपैकी छाट म्हणून किती बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी किती बुडवायची, हा तंटा त्यानंतरही चालूच राहिला.

आमच्या परिचयाचे एक मालक होते. ख्रिस्ती नव्हते, एकादशी त्यांनी कधी चुकविली नाही. साबुदाणासुद्धा घेत नसत, नुसते पाणी. पगाराची तारीख मात्र ते महिनोन्महिने चुकवीत. आम्ही भेटायला गेलो की नम्रपणे म्हणत, “आज उपास आहे, आज व्यवहाराचे बोलणे नको.” ते ढोंगी होते असे आम्ही म्हणणार नाही. उपवास मनापासूनच करीत. फक्त तो आणि हजेरीपट यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ते सांगणे हे उपदेशकाचे काम. ३८७ साली अंत्युखियात नव्या कराविरुद्ध लोकांनी दंगल केली आणि सम्राट थिओडोसियसचे व त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. आता शहराची राखरांगोळी होणार अशी भीती पसरली. म्हातारा बिशप फ्लाव्हियन क्षमा मागायला कॉन्स्टँटिनोपलला गेला, आणि मागे योहान ख्रिसोस्तोम हा धर्मगुरू त्या उपवासकाळात भयभीत लोकांपुढे बोलत राहिला. तोंडानेच नव्हे, हातांनी, पायांनी, डोळ्यांनी, कानांनीही उपवास करा, असे त्याचे सांगणे. मांसमासे सोडायचे आणि भावाचेच लचके तोडायचे, याला तो उपवास म्हणायला तयार नव्हता. अखेर शहराला क्षमा मिळाली. दंगल करणाऱ्यांना त्याने झोडपले, त्या मानाने कर बसविणाऱ्यांना पुष्कळच सौम्यपणे घेतले, एवढी आमची तक्रार आहे. आपल्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरवाईसाठी चळवळ उभारली आणि ‘सुबोध बायबल’ही सिद्ध केले. २०२४ साली ते निवर्तले. त्या दोन कामांत त्यांना अंतर दिसले नाही.

एका वाक्याबद्दल मात्र उपदेशकांशी आमचे भांडण आहे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी अरण्यातील परीक्षेची कथा वाचतात. सैतान धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो, आणि माणूस केवळ भाकरीवर जगत नाही असे उत्तर येशू देतो. हे उत्तर कितीतरी वेळा मजुराच्या तोंडावर फेकले गेले आहे : भाकरीपलीकडे बघा, मजुरीवाढ कसली मागता? पण ते उच्चारणारा स्वतः चाळीस दिवसांचा भुकेला होता, आणि ते त्याने स्वतःच्या भुकेविषयी उच्चारले. दुसऱ्याच्या भुकेची वेळ आली तेव्हा त्याच माणसाने रानात हजारोंना बसवून जेवू घातले. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला सांगावे असे ते वाक्यच नव्हे.

पंडिता रमाबाईंना हा फरक कळला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या. आपला भंडारा जिल्हाही तेव्हा मध्यप्रांतातच होता. त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुलींना आणि स्त्रियांना उपवासाचे पुण्य सांगितले नाही. त्यांना बरोबर नेले, जेवू घातले आणि काम शिकविले. केडगावच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळविले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, उपवासकाळातच, ईस्टरला अकरा दिवस राहिले असता, त्यांनी देह ठेवला.

उपवासकाळातला तो सोमवार पुढच्या वर्षीही येईल. त्या दिवशी ज्या धर्मगुरूंना देवळात बोलायचे असेल, त्यांनी आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ धान्यबाजारातल्या हमालांत येऊन बसावे, एवढी आमची विनंती. काटा बंद होऊन दिवे लागतात त्या वेळी यावे. कोणाला पैसे मिळाले आणि कोणाला उद्या या म्हणून सांगितले, ते तेथे बसल्या जागी दिसते.